बिल्ल्यावरचा चेहरा

कामामुळे शरीराला होणारी इजा दोन तऱ्हांची असते. एक क्षणात होते: यंत्रात हात सापडतो, परांचीवरून माणूस कोसळतो, खाणीचे छत खाली येते. दुसरी वर्षानुवर्षे साचत जाते. दगड फोडणाऱ्याच्या फुप्फुसात सिलिकाची धूळ साचते, गिरणी कामगाराच्या छातीत कापसाची, तर जहाजबांधणीतल्या कामगाराच्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे तंतू. पहिल्या तऱ्हेची निदान बातमी तरी होते. दुसऱ्या तऱ्हेचा मृत्यू घरच्या खाटेवर येतो, कागदावर ‘क्षय’ किंवा ‘दमा’ अशी नोंद होते आणि ते मरण कामाच्या खात्यावर चढतच नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २९ लाख ३० हजार कामगार कामाशी निगडित कारणांनी मरतात. त्यांतले सुमारे ३ लाख ३० हजार अपघाताने जातात; बाकीचे सुमारे २६ लाख आजाराने. म्हणजे दर नऊ मृत्यूंपैकी आठ मृत्यू असे, की ज्यांचा आवाज कारखान्याच्या फाटकापर्यंतही पोचत नाही.

या न दिसणाऱ्या हानीला चेहरा देण्याचे काम गेली शंभराहून अधिक वर्षे काही छायाचित्रकार करत आले आहेत. त्यांच्या कामातून पुरावा मिळाला, काही वेळा कायदाही बदलला. पण त्याहून मोलाचे म्हणजे जखमी, आजारी आणि मृत कामगारांना त्यांचा मान परत मिळाला. फोटो निघाला की मान मिळाला, इतके हे सोपे नाही. मान केव्हा मिळतो आणि केव्हा हातचा जातो, हे या छायाचित्रकारांच्या कामातून शिकता येते.

धूळ दिसत का नाही

जुन्या घरात कौलाच्या फटीतून कवडसा आला की हवेत तरंगणारी धूळ अचानक दिसू लागते. कवडसा सरकला की ती दिसेनाशी होते, पण हवेतच असते. कारखान्यातली हवा तपासणारे तंत्रज्ञ हाच नियम वापरतात. कामाच्या जागी एका बाजूने प्रखर झोत टाकून समोरून पाहिले की एरवी स्वच्छ वाटणाऱ्या हवेत धुळीचे लोट दिसतात. फुप्फुसाच्या तळाशी जाणारे सिलिकाचे कण पाच मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, तोंडाला बांधलेले फडकेही नाही. आत गेलेला कण विरघळत नाही. त्याच्याभोवती व्रण धरतो, व्रणांचे जाळे पसरते आणि फुप्फुस ताठर होत जाते. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि धुळीचे काम सोडल्यावरही तो वाढू शकतो.

मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये पाटीवर लिहायच्या पेन्सिली बनत. कित्येक पिढ्यांतल्या मुलांनी अशा पेन्सिलीने पहिली अक्षरे गिरवली. १९८० च्या दशकात तिथल्या कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला. ही हानी पहिल्यांदा दाखवली ती एका वेगळ्या प्रकारच्या छायाचित्राने, क्ष-किरण चित्राने. अशी चित्रे जगभर एकाच मापाने वाचली जावीत म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने नमुना चित्रांचा संच आणि वर्गीकरण तयार केले आहे. भरपाईच्या दाव्यात कामगाराची बाजू बहुधा त्या काळ्या-करड्या फिल्मवरच उभी राहते. पण क्ष-किरण चित्रात फुप्फुस दिसते, माणूस दिसत नाही. ती उणीव कॅमेऱ्याने भरून काढली.

शिक्षकाच्या हातातला कॅमेरा

या परंपरेची सुरुवात लुईस हाइन या अमेरिकी शिक्षकाशी जोडली जाते. १८७४ मध्ये जन्मलेले हाइन न्यू यॉर्कमधल्या एका शाळेत शिकवत असताना छायाचित्रणाकडे वळले. १९०७-०८ मध्ये पिट्सबर्ग या पोलादनगरीतल्या कामगारांच्या जिण्याची मोठी सामाजिक पाहणी झाली आणि तिच्यासाठी हाइन यांनी छायाचित्रे काढली. याच पाहणीत क्रिस्टल ईस्टमन या कायदेतज्ज्ञ स्त्रीने एका जिल्ह्यात एका वर्षात कामावर मेलेल्या ५२६ जणांची प्रकरणे तपासली. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात आकडेवारी आहे, तक्ते आहेत आणि हाइन यांची छायाचित्रेही आहेत. तोपर्यंत अपघात म्हणजे कामगाराचा निष्काळजीपणा, असेच कोर्ट आणि मालक धरून चालत. ईस्टमन यांनी दाखवले, की पुष्कळ अपघातांचे मूळ कामाच्या पद्धतीत आणि मालकाच्या काटकसरीत होते. त्याच वर्षी न्यू यॉर्क राज्याने कामगार भरपाईचा कायदा केला. १९११ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला, मग राज्यघटनेत दुरुस्ती करून १९१४ मध्ये तो पुन्हा आणावा लागला.

१९०८ पासून हाइन राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी काम करू लागले. कापड गिरण्या, काचकारखाने, कोळशाच्या खाणी असे हिंडताना त्यांनी काढलेली पाच हजारांहून अधिक छायाचित्रे आज अमेरिकेच्या संसद ग्रंथालयात आहेत. मालक आत सोडत नसत. म्हणून हाइन कधी बायबल विकणारे बनून जात, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेले तंत्रज्ञ बनून. कोटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंचीवर येतात हे त्यांनी मोजून ठेवले होते. मूल कितव्या गुंडीपर्यंत येते ते पाहून ते त्याची उंची ताडत. खिशात हात घालून, आतल्या आत वहीत टिपणे लिहून घेत.

त्यांनी काढलेल्या एका छायाचित्रात सोळा वर्षांचा मुलगा उभा आहे. कारखान्यातल्या यंत्राने त्याचा डावा हात खांद्याजवळून उपटून नेला. मुलगा कॅमेऱ्याकडे सरळ पाहतो. त्याच्या चेहऱ्यावर याचना नाही. खाली टिपणात वय, कारखान्याचे काम आणि भरपाईची हकिकत अशी कोरडी माहिती आहे. दयेची भाषा हाइन यांनी टाळली आणि तपशील मात्र एकही सोडला नाही. या कामाचा पहिला धडा तोच. कामगाराला ‘बिचारा’ करून मान मिळत नाही. कोण, कुठे, काय करताना, कुणाच्या हयगयीमुळे, हे नेमके सांगितले की मिळतो.

काळी छाती, तपकिरी छाती

हाइन यांच्यानंतर दोन पिढ्यांनी अर्ल डॉटर या अमेरिकी छायाचित्रकाराने तोच रस्ता धरला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते ॲपलेशियाच्या डोंगराळ भागात गेले आणि पुढे खाण कामगारांच्या संघटनेच्या मुखपत्रासाठी छायाचित्रे काढू लागले. नोव्हेंबर १९६८ मध्ये पश्चिम व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनजवळच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार मेले होते. कोळशाच्या धुळीने फुप्फुस काळे पडण्याच्या आजाराविरुद्ध १९६९ च्या सुरुवातीला त्याच राज्यात हजारो खाण कामगारांनी संप केला. वर्षअखेरीस खाणीतल्या धुळीवर मर्यादा घालणारा आणि आजारी कामगारांना साहाय्य देणारा कायदा अमेरिकी संसदेने मंजूर केला. कायदा झाला तरी मरण थांबले नाही. १९७६ मध्ये केंटकीतल्या स्कोशिया खाणीत दोन दिवसांच्या अंतराने दोन स्फोट झाले आणि २६ जण गेले. डॉटर यांचा कॅमेरा अशा दुर्घटनांनंतर खाणीच्या तोंडाशी थांबला नाही. तो अंत्यविधीपर्यंत आणि मागे राहिलेल्या बायकांच्या घरांपर्यंत गेला.

१९७० च्याच दशकात त्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापड गिरण्यांमधल्या कामगारांची छायाचित्रे काढली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला तिथे ‘तपकिरी फुप्फुसे’ म्हणत. वैद्यकाच्या भाषेत तो बिसिनोसिस. आठवड्याची सुट्टी संपवून सोमवारी कामावर आले की छाती आवळते, हे त्याचे पहिले लक्षण. मुंबईच्या गिरणगावातही हा आजार होता. कापसाच्या गासड्या फुटत आणि कापूस पिंजला जाई, त्या खात्यांत धूळ सर्वांत जास्त. परळ-लालबागच्या चाळींतून रात्रभर ऐकू येणारा खोकला बहुतेक वेळा विडी-तंबाखूच्या माथी मारला गेला. अमेरिकेत आजारी गिरणी कामगारांनी स्वतःची संघटना उभारली, त्यांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे त्या चळवळीबरोबर लोकांपुढे आली आणि १९७८ मध्ये कापसाच्या धुळीची कमाल पातळी ठरवणारा नियम झाला. गिरणी मालक न्यायालयात गेले. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला.

डॉटर यांचे संकलित काम १९९८ मध्ये ‘द क्वाएट सिकनेस’ या नावाने पुस्तकरूपात आले. औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञांच्या संघटनेने ते प्रसिद्ध केले, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. हवेतले कण मोजणाऱ्यांनाही ते कण कुणाच्या छातीत जातात हे डोळ्यांसमोर असावे असे वाटले.

बिल्ल्यांचे स्मारक

डॉटर यांचे आणखी एक काम वेगळ्या वाटेचे आहे. ॲस्बेस्टॉसमुळे मेलेल्या कामगारांना आदरांजली म्हणून त्यांनी बिल्ल्यांचे प्रदर्शन उभे केले. फाटकावर ओळख पटावी म्हणून जहाज कारखाने, गिरण्या, खाणी कामगाराला फोटो लावलेला बिल्ला देत. त्यावर कंपनीचे नाव, नंबर आणि एक छोटा चेहरा. डॉटर यांनी असे जुने बिल्ले गोळा केले आणि त्यांनाच आपल्या छायाचित्रांचा विषय केले.

हा मार्ग का घ्यावा लागला, ते ॲस्बेस्टॉसच्या स्वभावात आहे. हे खनिज जळत नाही, उष्णता अडवते आणि स्वस्त पडते. म्हणून बॉयलरच्या वेष्टनापासून घरावरच्या सिमेंटच्या पत्र्यापर्यंत ते सगळीकडे गेले. त्याचे तंतू श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, होऊ शकतो. आणि तो प्रकट व्हायला वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर कारखाना बंद झालेला असतो, मुकादम निवृत्त, हजेरीपट गहाळ. रोगी कामावर असतानाचा फोटो काढायची वेळ कधीच टळून गेलेली असते. हाती उरतो तो बिल्ला, आणि त्यावरचा वीस-पंचवीस वर्षांचा निरोगी तरुण. मालकाने नंबरासाठी काढलेला फोटो असा त्या माणसाची अखेरची साक्ष होतो. बिल्ला पाहणाऱ्याला ठाऊक असते, की त्या तरुणाला ठाऊक नसलेली गोष्ट त्याच्या श्वासात तेव्हाच शिरत होती.

अमेरिकी छायाचित्रकार बिल रावानेसी यांचे वडीलही मेसोथेलिओमाने गेले. रावानेसी यांनी ‘ब्रेथ टेकन’ या प्रदर्शनात ॲस्बेस्टॉसग्रस्त कामगार, त्यांची कुटुंबे आणि त्यांच्या कामाच्या जागा यांची छायाचित्रे एकत्र मांडली. पन्नासहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली असली तरी भारतात पत्र्यांसाठी त्याचा वापर चालू राहिला आहे. म्हणून ही प्रदर्शने केवळ गतकाळाची नाहीत.

मुंबईच्या गटारापाशी

महाराष्ट्रात या परंपरेतले सर्वांत मोठे काम सुधारक ओलवे यांचे. मूळचे अकोल्याचे ओलवे १९८८ पासून मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार. महापालिकेच्या सुमारे तीस हजार सफाई कामगारांचे जिणे त्यांनी कृष्णधवल छायाचित्रांतून नोंदवले. उघड्या हातांनी कचरा भरणारे, मॅनहोलमध्ये गळ्यापर्यंत उतरलेले, काम संपल्यावर दारूत बुडालेले, आणि मग आपल्या एका खोलीच्या घरात बायकामुलांसोबत बसलेले, असे हे कामगार त्यांत दिसतात. जवळजवळ सगळे दलित समाजातले. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी वारसाला नोकरी मिळते. त्यामुळे नवरा या कामाच्या आजारांनी गेला की त्याचाच झाडू बायकोच्या हाती येतो. नोकरीच्या रूपाने संरक्षण मिळते आणि धोकाही वारशाने मिळतो. ओलवे यांच्या छायाचित्रांतल्या विधवा या दुहेरी वारशाच्या साक्षीदार आहेत. २००५ मध्ये या कामासाठी नॅशनल जिऑग्राफिकच्या ‘ऑल रोड्स’ उपक्रमात त्यांचा गौरव झाला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तामिळनाडूत एम. पलनी कुमार यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. हाताने मैला साफ करणाऱ्यांवरच्या ‘कक्कूस’ या २०१७ च्या दिव्या भारती यांच्या माहितीपटाचे छायाचित्रण त्यांनी केले. पुढे २०१९ मध्ये चेन्नईत त्यांनी ‘मीही एक मूल’ अशा अर्थाच्या तमिळ नावाचे प्रदर्शन मांडले. गटारात गुदमरून मेलेल्या कामगारांची मुले हा त्याचा विषय. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. धोका वाढतो तसा त्याचा इशारा नाहीसा होतो. म्हणून पहिला उतरलेला माणूस शुद्ध हरपतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. एका घरातली दोन माणसे अशी एकाच वेळी गेल्याची उदाहरणे आहेत.

मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. पण दावा करायचा तर मरण गटारातच झाले हे आधी मान्य व्हावे लागते. तिथे नाव, चेहरा आणि जागा यांची नोंद ठेवणारे छायाचित्र उपयोगी पडते.

राना प्लाझाची दोन माणसे

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातल्या सावार येथील राना प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. इमारतीतली बँक रिकामी झाली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर यायला सांगितले गेले. अकराशेहून अधिक माणसे मेली. छायाचित्रकार आणि कामगार कार्यकर्त्या तस्लिमा अख्तर यांना ढिगाऱ्यात एक स्त्री आणि एक पुरुष एकमेकांना मिठी मारलेल्या अवस्थेत सापडले. ते छायाचित्र जगभर पोचले. त्या दोघांचे नाते काय, हे त्या वेळी कुणाला सांगता आले नाही.

त्याच दिवसांत जवळच्या अधरचंद्र विद्यालयाच्या आवारात नातेवाईक हातात आपल्या माणसाचा फोटो धरून उभे होते. कुणाकडे लग्नातला, कुणाकडे ओळखपत्रावरचा, कुणाकडे स्टुडिओत रंगीत पडद्यासमोर काढलेला. फोटो आधी शोधासाठी वापरला गेला, मग मृतदेहाची ओळख पटवण्यासाठी, नंतर भरपाईच्या कागदाला जोडण्यासाठी आणि शेवटी भिंतीवर लावण्यासाठी. मे २०१३ मध्ये कपड्यांच्या मोठ्या परदेशी कंपन्यांनी कामगार संघटनांशी इमारत आणि आगीच्या सुरक्षेचा बंधनकारक करार केला. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. जगातल्या दुकानांत कपडे विकत घेणाऱ्यांनी ते छायाचित्र पाहिलेले नसते, तर एवढा दबाव कदाचित उभा राहिला नसता.

मानाच्या अटी

दुःखाचे छायाचित्र काढताना मान राखणे अवघड असते. जपानमधल्या मिनामाता येथे चिस्सो कंपनीने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याच्या विषबाधेने मच्छीमार कुटुंबे उद्ध्वस्त झाली. तो आजार कारखान्याच्या आतला नव्हे, त्याच्या शेजारचा; तरी छायाचित्रकाराच्या जबाबदारीबद्दल तिथल्या एका चित्राइतके दुसरे काही शिकवत नाही. यूजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ १९७१ पासून तीन वर्षे तिथे राहिले. १९७२ मध्ये कंपनीच्या माणसांनी यूजीन यांना मारहाण केली. आईच्या पोटात असतानाच विषबाधा झालेल्या मुलीला तिची आई स्नान घालते आहे, हे त्यांचे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. ते घरच्यांच्या संमतीने काढले होते. मुलगी १९७७ मध्ये गेली. आता आपल्या लेकीला विसावा मिळावा, असे पुढे आईवडिलांना वाटले. त्या इच्छेचा मान राखून १९९८ मध्ये आयलीन यांनी त्या चित्राचा वापर थांबवण्याचे ठरवले. संमती एकदा घेतली की कायमची झाली, असे नसते.

यातून काही नियम निघतात. कामगाराला विचारल्याशिवाय फोटो काढू नये, कारण एका फोटोने त्याची नोकरीही जाऊ शकते. नुसता रोग दाखवू नये, कौशल्यही दाखवावे. दगडाला हवा तसा फोडणारा हात खोकणाऱ्या छातीआधी दिसावा. नाव द्यायची संमती असेल तर नाव, नसेल तर निदान काम, खाते आणि वर्षे नोंदवावीत. काढलेल्या फोटोची प्रत त्या घरी द्यावी. आणि ज्या धुळीने, वायूने किंवा यंत्राने इजा केली, त्याचे नाव चित्राखाली स्पष्ट लिहावे. कारण सांगितले नाही तर उरते ती फक्त हळहळ, आणि हळहळीने कारखान्यात धूळ बाहेर टाकणारा पंखाही बसत नाही.

छायाचित्राने एकट्याने कुठलाच कायदा केलेला नाही. पिट्सबर्गमध्ये त्याच्या जोडीला ईस्टमन यांची मोजदाद होती, ॲपलेशियात संप होता, गटाराच्या प्रश्नात सफाई कामगारांच्या संघटनांचा न्यायालयीन लढा होता. पण या प्रत्येक ठिकाणी मरणाऱ्याला नंबरातून माणसात परत आणले ते छायाचित्राने. २८ एप्रिल हा दिवस जगभर कामावर मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या कामगारांच्या स्मरणाचा, तसेच कामाच्या जागेच्या सुरक्षेचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हार घालण्यासाठी वेगळा पुतळा शोधायला नको. गिरणी, खाण, गोदी, दगडखाण आणि महापालिकेच्या चौक्यांत आयुष्य घालवलेल्या माणसांचे फोटो महाराष्ट्रातल्या हजारो घरांच्या भिंतींवर आहेत. असा एखादा फोटो भिंतीवरून उतरवून त्याच्या पाठीमागे नाव, कामाची जागा, खाते, किती वर्षे काम केले आणि कोणत्या आजाराने तो माणूस गेला, एवढे घरातल्या कुणीतरी शाईने लिहून ठेवावे. उद्या कुणी हिशेब मांडायला बसले, तर तो कोऱ्या पाठीच्या फोटोवरून मांडता येणार नाही.